घर जसे जेवते, तशी मुले खातात

“पोरगं घरचं काही खातच नाही. भाकरी पुढे ठेवली की तोंड वाकडं करतं, आणि नाक्यावरचं मंचुरियन मात्र रोज लागतं.” वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की ही तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते. मुलीबद्दलची तक्रार थोडी निराळी असते. “ती जेवतच नाही. चहा पिऊन निघून जाते.”

मग दोष दिला जातो मोबाईलला, मित्रांना, नाक्यावरच्या गाडीला. त्यांचा दोष आहेच. पण आम्ही आई-वडिलांना आणखी तीन प्रश्न विचारतो. मूल जेवायला बसते तेव्हा घरात कोण असते? घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते? आणि जेवताना घरात बोलणे काय चालते? या तिन्हींची उत्तरे मिळाली की मूल काय खाते आणि का खाते, हे बरेचसे उलगडते. पालेभाजी खावी, उघड्यावरचे खाऊ नये, हे बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना शाळेच्या पुस्तकातून तोंडपाठ असते. सवय मात्र घराच्या रीतीतून लागते. म्हणून या वेळी आपण मुलांच्या ताटाबरोबर घराच्या रीतीकडेही पाहू या.

वाढीचे वय आणि बंद झालेली खिचडी

या वयात शरीर झपाट्याने वाढते. मोठेपणीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग आणि उंचीचा सुमारे पाचवा हिस्सा याच वर्षांत भरतो. हाडे घट्ट होतात, मुलांचे स्नायू वाढतात, मुलींची पाळी सुरू होते. त्यामुळे प्रथिने, चुना म्हणजे कॅल्शियम आणि लोह यांची गरज एकदम वाढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या प्रमाणांनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलाला २६ मिलिग्रॅम, आणि मोठ्या पुरुषाला १९ मिलिग्रॅम. म्हणजे कमावत्या बापापेक्षा लेकीला लोह जास्त लागते. किती घरांत ताट या हिशेबाने वाढले जाते?

नेमक्या याच वयात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला दुपारच्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे त्या योजनेचे प्रमाण आहे. मूल नववीत गेले की ती खिचडी बंद होते. शाळा लांबची होते, क्लास सुरू होतो, भूक दुप्पट होते आणि दुपारचे ताट नाहीसे होते. त्याची जागा घरचा डबा घेतो, नाहीतर आईने हातावर ठेवलेली नोट.

नोटेचा डबा

आपल्या वस्तीतली आई सकाळी सहा-सातला घराबाहेर पडते. कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी रुग्णालयात सफाईचे काम करते, कोणी कंपनीत पॅकिंगला जाते. वडील रिक्षावर, बिगारीवर, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले. नळाला पाणी यायची वेळ आणि डबा करायची वेळ एकच. अशा घरात डब्याऐवजी वीस रुपये दिले जातात, ते निष्काळजीपणामुळे नव्हे. आईकडे वेळ नसतो आणि मूल उपाशी राहू नये, ही माया त्यामागे असते. हे समजून न घेता आईलाच बोल लावणारा सल्ला कोणाच्या कामाचा नाही.

तरी हिशेब मांडून पाहू. शाळेचे २५ दिवस धरले तर रोजचे २० रुपये म्हणजे महिन्याला ५०० रुपये. या पैशातून मुलाच्या पोटात जातात वडापाव, चिप्सचे पाकीट, लाल शेवेची चायनीज भेळ किंवा कोल्ड्रिंक. २५० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते. दिवसभरात वरून घालायच्या साखरेची मर्यादाच तेवढी आहे. हल्ली वस्तीतल्या दुकानांत २० रुपयांना एनर्जी ड्रिंकची बाटलीही मिळते. तिच्यात कॅफिन असते. लहान मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते घेऊ नये, अशी सूचना त्याच बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली असते. ती आपण वाचत नाही आणि पोरगा क्रिकेट खेळून आला की ती बाटली पितो.

याच ५०० रुपयांत एका मुलापुरते महिन्याचे शेंगदाणे, गूळ, मटकी आणि काही अंडी घरात येऊ शकतात. रात्री भिजत घातलेली मटकी फडक्यात बांधून ठेवली की तिला मोड येतात. सकाळी कांदा, मीठ, लिंबू घालून पाच मिनिटांत डबा भरतो. शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी आठवड्याची एकदम करून ठेवता येते. रात्रीच्या दोन पोळ्यांत चटणी किंवा अंड्याची पोळी गुंडाळून दिली की मुले ती ‘रोल’ म्हणून खातात. आणि हे सारे आईनेच करायला हवे असे कुठे आहे? चौदा वर्षांच्या मुलाला अंडी उकडता येतात. रात्रपाळीहून आलेल्या बापाला डबा भरता येतो. ज्या घरात मुलगाही भाकरी थापायला आणि भाजी चिरायला शिकतो, त्या घरात अन्नाला नावे ठेवणे आपोआप कमी होते.

शेवटचे ताट

आता दुसरा प्रश्न, सगळ्यांत शेवटी कोण जेवते? बहुतेक घरांत उत्तर एकच येते: आई आणि तिच्याबरोबर थोरली मुलगी. रविवारी मटण किंवा चिकन शिजले तर फोडी बापाच्या आणि भावाच्या ताटात जातात, मुलीच्या वाट्याला रस्सा येतो. अंडी चार असतील तर ती कोणाला, हे कोणी बोलून दाखवत नाही. मुलीने ते न सांगता शिकलेले असते. “मला नको, भूक नाही” असे ती म्हणते, आणि आपण ते खरे मानतो.

याचा परिणाम रक्तात दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५७ टक्के होते. त्याच वयाच्या मुलग्यांत देशभरात ते ३१ टक्के होते. पाळीत रक्त जाते म्हणून मुलींचे प्रमाण काहीसे जास्त असणारच. पण ज्या मुलीचे रक्त दर महिन्याला जाते, तिलाच घरात कमी वाढले जात असेल तर ती झीज भरून कशी निघणार? अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, वर्गात पेंगते, तिचे डोके दुखते, अभ्यास लक्षात राहत नाही. घरात मात्र तिला ‘आळशी’ म्हणतात. दहावीच्या निकालात जे गुण जातात, त्यांतले काही असे ताटातून गेलेले असतात. तीच मुलगी पुढे आई होते, आणि कमी रक्तावर आलेले बाळंतपण आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून आमचे पहिले सांगणे आहे की ताटे एकदम वाढा. सगळे एका वेळी बसू शकत नसतील तर प्रत्येकाचा वाटा आधीच झाकून ठेवा. आईचाही. उरलेल्यातून वाटा निघत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. घराबाहेर समतेसाठी आपण मोर्चे काढतो. ती समता आपल्या चुलीपर्यंत पोहोचली की नाही, हे मुलीच्या ताटात पाहिले की कळते.

काही मुली बारीक दिसण्यासाठी जेवण सोडतात, काही घरांत आजही मैत्रिणींचे पाहून सोमवार-गुरुवारचे उपवास होतात. वाढत्या वयात जेवण टाळल्याने रक्त आणि हाडे दोन्हींचे नुकसान होते, हे मुलीला शांतपणे समजावले पाहिजे.

ताटावरचे बोलणे

तिसरा प्रश्न बोलण्याचा. दिवसभराचे सगळे हिशेब आपण जेवतानाच काढतो. मार्क कमी का पडले, मोबाईल किती वेळ पाहिलास, फी कशी भरायची. मूल मान खाली घालून चार घास गिळते आणि उठते. पुढच्या वेळी ते ताट घेऊन मोबाईलसमोर बसते किंवा “बाहेर खाऊन आलो” म्हणते. त्यात ‘जाडी’, ‘काडी’, ‘काळी’, ‘ढोली’ अशी नावे गमतीत ठेवली जातात. मोठ्यांना ती गंमत वाटते, पण मूल आरशासमोर ती पुन्हा पुन्हा आठवते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डायन न्यूमार्क-स्टेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रोजेक्ट ईट’ नावाने किशोरवयीन मुलांच्या खाण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. घरच्यांबरोबर नेहमी जेवणारी मुले फळे-भाज्या जास्त खातात आणि कोल्ड्रिंक कमी पितात, असे त्यांना दिसले. ज्या मुलांना घरात वजनावरून चिडवले जाते, त्यांच्यात उपाशी राहणे, मग एकदम खूप खाणे, असे बिघाड जास्त आढळले. त्या देशातली घरे आणि आपली दहा बाय पंधराची खोली यांत फार अंतर आहे. पण टोमणा कुठल्याही भाषेत तसाच लागतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या घरात बाप दारू पिऊन येतो, त्या घरातले जेवण जेवण राहत नाही. भांडण सुरू होण्याआधी मुले घाईघाईने खातात, किंवा रात्री उशिरापर्यंत बाहेर थांबून गाडीवर काहीतरी खातात. दारूचे पैसे आधी डाळीतून आणि मग दुधातून जातात. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात म्हणतो. त्याचा घरातला अर्थ पोरांच्या ताटाएवढा साधा आहे.

राजाच्या जेवणाची गोष्ट

खाण्याची सवय कशी बदलते, याची एक गोष्ट संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा पसेनदी एका बैठकीला द्रोणभर भात खायचा. असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही की त्याचा अपमान केला नाही. जो जागेपणाने, मात्रा ओळखून जेवतो त्याच्या व्याधी कमी होतात, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे खाणे नाळीभर भातावर आले, अंग हलके झाले आणि तो आनंदाने आपल्या अंगावरून हात फिरवू लागला.

या गोष्टीत सवय हुकमाने बदललेली नाही. रोज जेवताना शेजारी एक माणूस होता, त्याचे शब्द चांगले होते आणि बदल थोडा थोडा झाला. आपल्या घरात सुदस्सनाचे काम आई, बाप, आजी, थोरला भाऊ कोणीही करू शकतो. फक्त एवढे ध्यानात ठेवायचे की मात्रा म्हणजे कमी खाणे नव्हे. राजाची मात्रा कमी करायची होती, आपल्या पोरींची बहुतेक वेळा वाढवायची आहे.

लाज कशाची?

नववी-दहावीची अनेक मुले डबा नेत नाहीत, त्याचे एक कारण ती घरी सांगत नाहीत. डबा उघडला की वर्गात कोणी नाक मुरडते. सुकटीचा वास येतो, भाकरी ‘गावंढळ’ ठरते. मग मूल डबा टाळून पाकीट विकत घेते, कारण पाकिटाला जात नसते.

इथे घराची भूमिका फार मोठी आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि समाजाने ते सोडले. ते स्वाभिमानाचे पाऊल होते. पण ते सोडताना आपल्या घरातले सगळेच अन्न हलके, असा समज काही घरांत रुजला. ताजी कलेजी, वजडी, सुकट, जवळा, बोंबील, अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, कुळीथ, जवसाची चटणी, ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणीची आंबील हे कष्टकऱ्यांचे पौष्टिक अन्न आहे. कलेजीत लोह भरपूर असते आणि ते शरीराला सहज लागू पडते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सुकी मासळी थोडीशी घातली तरी भाजीत प्रथिने येतात. मात्र ती खारट असते, म्हणून धुऊन घ्यावी आणि वरून मीठ कमी घालावे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या अशा खाण्याची सविस्तर नोंद केली आहे. ज्या अन्नाची पुस्तकात नोंद होते, त्याची डब्यात लाज कशाला?

मुलांसमोर आपणच “गरिबाचं खाणं” म्हणून या पदार्थांना नावे ठेवली, आणि पाहुण्यांसमोर मात्र कोल्ड्रिंक-बिस्किटे मांडली, तर मूल काय शिकेल? आजी ज्या चवीने अंबाडीची भाजी खाते, ती चव नातवंडांपुढे बोलून दाखवली पाहिजे.

एक लहानशी सूचना. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. उलट लिंबू, आवळा, पेरू जेवणासोबत असतील तर भाजी-डाळीतले लोह जास्त लागू पडते. सकाळी चहा-पोळीवर निघणाऱ्या मुलीने चहा सोडून पोळीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाची फोड घेतली, तरी फरक पडतो.

निळी गोळी आणि सिकलसेल

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. ती लोह आणि फोलिक आम्लाची आहे, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. मुले ती खिशात टाकतात किंवा खिडकीबाहेर फेकतात, कारण मळमळते. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौचाचा रंग काळसर होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शाळा सुटलेल्या मुलींनी ही गोळी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मागावी. वर्षातून दोनदा मिळणारी जंतांची गोळीही चुकवू नये.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथल्या आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. रक्त कमी, डोळे पिवळसर, हाडे आणि सांधे वारंवार दुखतात, अशा मुलाला फक्त “खात नाही म्हणून” असे म्हणून सोडू नये. सरकारी दवाखान्यात आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. आजार असल्यास लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी केली जाते.

मूल महिनोन्महिने जेवण टाळत असेल, खाऊन उलट्या काढत असेल, वजन उतरत असेल, मुलीची पाळी थांबली असेल, तर ते नखरे समजू नयेत. डॉक्टरांना दाखवावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर फुकट बोलता येते.

एवढे करू या

दिवसातून निदान एकदा घरातल्यांनी एकत्र जेवावे. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा. रात्रीचे दहा वाजले तरी चालतील, भाजी एकच असली तरी चालेल. तेवढा वेळ मोबाईल आणि टीव्ही बंद. अभ्यासाचा आणि पैशाचा हिशेब ताट उचलल्यावर. कोणाच्या अंगावर, रंगावर बोलायचे नाही. वाढताना मुलगी-मुलगा एक मापाने, आणि आईचे ताट सगळ्यांच्या बरोबर. आठवड्यातून एक दिवस स्वयंपाक मुलांकडे, त्यात मुलगाही आला.

याला पैसे लागत नाहीत. लागतो तो थोडा निश्चय, आणि तो घरातल्या मोठ्यांनी आधी करायचा आहे. आज रात्री भाकऱ्या मोजताना लेकीची भाकरी आधी मोजा. ती “नको” म्हणाली तरी वाढा, आणि ती खाईपर्यंत तिच्याजवळ बसा.